डाव्या कानाचा हिवाळा

घंटी उजवीकडून वाजली, म्हणून तिनं उजवीकडे पाहिलं. तिकडे कुणीच नव्हतं. नुसता रस्ता, धुक्यात अर्धा बुडालेला. तेवढ्यात डावीकडून आलेली सायकल तिच्या कोपराला घासून पुढं निघून गेली. सायकलवाला लांब जाऊन थांबला, एक पाय जमिनीला टेकवून मागं वळला आणि ओरडला, "अहो बाई, कान आहेत की नाहीत?" त्याचा राग खरा होता, पण रागाखाली तोही घाबरलेलाच होता. "आहेत की," असं ती म्हणायला गेली आणि शब्द तोंडातच राहिला. गेले काही दिवस सर्दीचं म्हणून आपण जे चालवून घेतोय ते सर्दीचं नाही, हे तिला तिथं रस्त्याच्या मधोमध उमगलं. एका सकाळी उठली तर डाव्या कानाला दडा बसलेला होता. थंडी पडली की बसतो, म्हणून तिनं नाक दाबून फुंकर मारून पाहिली, जांभया दिल्या, गरम पाण्याची वाफ घेतली. दडा काही सुटला नाही, उलट त्याच्या आत एक बारीक शीळ सुरू झाली. दूरच्या कुठल्या तरी स्वयंपाकघरात कुणी किटली ठेवून विसरून गेल्यासारखी. ती किटली उतरवायला जागाच नव्हती. सायकलवाला निघून गेल्यावरही ती बराच वेळ तिथंच उभी राहिली. मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, पुन्हा डावीकडे असं लहान मुलांना शिकवतात तसं पाहून तिनं रस्ता ओलांडला.

शहराच्या पाणीपुरवठ्याच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायच्या, हे तिचं काम. लांबट खोली, ओळीनं टेबलं, प्रत्येकाच्या डोक्यावर हेडफोन आणि पलीकडून दिवसभर लोकांची तहान. नळाला पाणी नाही, पाणी आहे पण गढूळ आहे, पाणी इतकं आलंय की जिन्यावरून वाहतंय. हेडफोन एकाच कानाचा. दुसरा कान खोलीसाठी मोकळा ठेवायचा. वर्षानुवर्षं ती तो डाव्या कानाला लावत आली होती आणि डाव्या कानानं ऐकलेला माणूस तिला चटकन कळायचा. खरंच अडलेला कोण, भांडायची हौस भागवून घेणारा कोण, आणि एकटेपणाला कंटाळून नळाचं निमित्त काढून बोलायला आलेला कोण. आता हेडफोन उजव्या कानाला लावला तर सगळेच परके वाटू लागले. शब्द तेच, पण त्यामागचा माणूस दिसेना. आणि मोकळ्या ठेवलेल्या डाव्या कानाला तर खोलीच नव्हती. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण चहाला हाका मारून दमली आणि शेवटी, "एवढा कसला भाव खातेस गं," म्हणून एकटीच निघून गेली. तिची पाठ दिसल्यावर हिला कळलं, की आपल्याला कुणीतरी बोलावत होतं.

कानाच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी कान तपासायचा, दोन दातांचा एक लोखंडी काटा आपल्या गुडघ्यावर आपटून तिच्या कपाळाच्या मधोमध टेकवला आणि विचारलं, "आवाज कुठं येतोय?" काटा मध्यावर होता, कपाळ मध्यावर होतं, तरी आवाज सरळ उजवीकडे पळाला. जहाज कलावं आणि टेबलावरचं सगळं सामान एका अंगाला घरंगळावं, तसा. डॉक्टरीणबाईंनी तिला एका छोट्या बंद खोलीत बसवून तपासलं, मग समोर बसून घाई न करता सांगितलं, "आतल्या नसेचं आहे. आधी यायला हवं होतं. गोळ्या देते. कधी सगळं परत येतं, कधी थोडं येतं, कधी काहीच येत नाही. उगाच आशा लावणार नाही, पण आशा सोडा असंही म्हणणार नाही." "कधी कळेल?" "हिवाळा संपेपर्यंत कळायला हवं. तोवर गोंगाट टाळा. शांत जागी फिरायला जा." तिला हसू आलं. शांत जागी! शांत जागा तर डोक्याच्या अर्ध्या भागात फुकट मिळाली होती, फक्त तिच्यात ती किटली वाजत होती.

घरी सासूबाईंना सांगणं भाग होतं. घरात दोघीच. सासूबाई बोलण्यात अशा, की एकदा गाडी रुळावर आली म्हणजे मधलं स्टेशन घेत नसत. जेवताना सुनेचं सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे माझं बोलणं एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून द्यायची तुझी सोय गेली म्हण की. आता आत जाईल ते आतच राहणार." दोघीही हसल्या. हसून झाल्यावर सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि पुष्कळ वेळ नळ वाहता ठेवून उभ्या राहिल्या. भांडी केव्हाच घासून झाली होती. पाण्याचा आवाज तिला उजव्या कानानं, भिंतीपलीकडून ऐकू येत होता. पाणी वाया जातंय, असं एरवी तिच्या तोंडून सवयीनं निघालं असतं. त्या दिवशी तिनं नळ वाहू दिला.

तिला जे सांगता आलं नव्हतं ते वेगळंच होतं. डावा कान तिच्या नवऱ्याचा होता. पलंगाची डावी बाजू त्याची, त्यामुळे लग्नानंतर तो जे जे हळू आवाजात बोलला ते सगळं त्याच कानात बोलला. ऑफिसातल्या साहेबाच्या नकला, आईविषयीच्या कुरबुरी, एकदा तर नुसतंच "जागी आहेस?" असं विचारून, ती जागी आहे हे कळल्यावर पुढं काहीच न बोलता झोपून गेलेला. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. कामावर गेलेला माणूस कामावरच संपला. दवाखान्यातून फोन आला तो तिनं ह्याच कानानं घेतला होता. आता ती उशीवर पडून त्याचा आवाज आठवून पाहायची. तो येत होता, पण कुठून येत होता ते कळत नव्हतं. आठवणीतला आवाज माणूस कोणत्या कानानं ऐकतो? ज्या दारातून तो आत आला ते दारच लिंपून टाकलं तर आतला आवाज आतच राहतो, की गुदमरतो? असल्या प्रश्नांना तक्रार कक्षात उत्तर नसतं. ती कूस बदलायची. उजवा कान उशीत दाबला की जग एकदम बंद व्हायचं, नुसती शीळ उरायची. मग घाबरून ती पुन्हा उताणी व्हायची.

आणि उन्हाळ्यात सासूबाई जाणार होत्या. नणंदेनं मागच्या वेळी आल्या आल्याच विषय काढला होता: "वहिनी, चार वर्षं तू आईचं केलंस. आता उन्हाळ्यात मी घेऊन जाते." ह्यावर ती "त्यांना जसं बरं वाटेल तसं," म्हणाली आणि सासूबाई "हिला जसं सोयीचं असेल तसं," म्हणाल्या. दोघींनी एकमेकींना इतका मान दिला, की जाणं ठरूनच गेलं. तसं पाहिलं तर सासू-सुनेत कधी भांडण नव्हतं. भांडायला जो मधे लागतो तोच नव्हता. दोघी एकमेकींची औषधं लक्षात ठेवत, आवडीची भाजी आणत आणि त्याच्याविषयी चकार शब्द काढत नसत. काढला तर समोरची मोडेल, ही दोघींनाही भीती.

फिरायला जायचं तर कुठं, म्हणून ती तळ्यावर गेली. घरामागच्या रस्त्याच्या टोकाला ते तळं होतं, बसच्या खिडकीतून ती ते लग्न झाल्यापासून पाहत आली होती. म्हणजे पाहत काही नव्हती; तळं आलं की उतरायची तयारी करायची, एवढंच. पहिल्या सकाळी तिथं काहीच नव्हतं. धुकं, काळपट गवत, पानं झडलेली झाडं, आणि काठाला पाण्यावर दुधावर साय धरावी तसा बर्फाचा पातळ पापुद्रा. गवतावर दव गोठून पांढरं झालं होतं आणि पाय टाकला की कुरकुरत होतं. पण ती कुरकुर सगळी उजव्याच अंगाला होती, जणू तिचे दोन्ही पाय उजव्या बाजूनं चालत होते. ती हळू चालू लागली. घरात, ऑफिसात, बसमध्ये सगळे आवाज एकमेकांत कालवून तिच्या उजव्या कानात ओतले जात. इथं आवाज एकेकटे येत. एक आला, संपला, मग जरा वेळानं दुसरा. तो कुठून आला ते कळत नसे, म्हणून ती डोळ्यांनी शोधायची, आणि शोधता शोधता नुसते डोळेच उरायचे. वाळक्या लव्हाळ्यांत एक राखी बगळा उभा होता. ती त्याच्याकडे इतका वेळ पाहत होती, की ते वाळकं खोडच असावं असं वाटू लागलं, आणि तेवढ्यात त्यानं मान वाकडी केली. एक पाणकोंबडी बर्फाच्या पापुद्र्यावर चढली, तो फुटून पाण्यात पडली, पुन्हा चढली, पुन्हा पडली, आणि यात आपला काही अपमान झाला असं तिला वाटत नव्हतं. मग सूर्य वर आला. हिवाळ्यातला सूर्य, अंगात फारसा जोर नसलेला. तो आला आणि समोरच्या पाण्यातून वाफा निघू लागल्या, पांढऱ्या, हळू, उभ्या. गार पडलेलं तळं श्वास घेत होतं. तिच्या लक्षात आलं, की आपण किती तरी वेळ किटलीचा विचार केलेला नाही. विचार केला आणि ती पुन्हा वाजू लागली. पण मधला तो वेळ तिला मिळाला होता, तो कुणी काढून घेऊ शकत नव्हतं.

ती रोज जाऊ लागली. एका सकाळी दारात सासूबाई बूट घालून तयार. बूट त्याचे होते, खेळायचे, पांढरे; आत दोन-दोन मोजे घालूनही पुढं बोटभर जागा उरलेली. "चप्पल घसरते थंडीत," त्या म्हणाल्या. कपाटाच्या खालच्या खणातून ते त्यांनी केव्हा काढले कोण जाणे. ती बुटांकडे पाहत राहिली. मग खाली बसून तिनं त्यांच्या नाड्या घट्ट बांधून दिल्या.

सासूबाईंना निसर्गातलं ओ की ठो कळत नव्हतं. पाण्यावर तरंगतं ते बदक आणि उडतं तो कावळा, एवढी त्यांची विद्या. "हे बदक बारकं का गं?" "ती पाणकोंबडी आहे, आई." "असेना. खायला मिळत नसेल नीट." जाताना त्या तिच्या उजव्या हाताला चालत आणि अखंड बोलत: वरच्या मजल्यावरच्या बाईचं तिच्या जावयाशी बिनसलंय, नळाचा वायसर गेलाय, गुडघा उजवा जास्त दुखतो का डावा. मग एकदा वळणावर एक मालाचा ट्रक डावीकडून अगदी अंगावरून गेला आणि तिला तो निघून गेल्यावर कळला. सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरलेला होता. त्या दिवसापासून घराबाहेर पडलं, की त्या मुकाट्यानं तिच्या डाव्या बाजूला यायच्या, रस्त्याच्या अंगाला, आणि तिथूनच चालायच्या.

बोलणं मात्र थांबलं नव्हतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला त्यांच्या तोंडाची वाफ दिसे. लांब वाफ, मग तुटक वाफ, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा लांब. सुरुवातीला ती म्हणणार होती, "आई, ह्या बाजूनं मला ऐकू येत नाही." मग तिच्या ध्यानात आलं, की हे त्यांच्याहून जास्त कुणाला ठाऊक आहे? एकदा तिनं नकळत मान वळवली, तर सासूबाई एकदम थांबल्या, त्यांचे डोळे ओले होते. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "बदकं बघ किती आलीत आज." तिनं बदकं पाहिली. नंतर कधी तिनं मान वळवली नाही. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं हेच तिचं पोटापाण्याचं काम, पण ऐकू न येणंही कुणाच्या उपयोगी पडतं हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. डाव्या अंगाला एक माणूस मन मोकळं करतंय, आणि आपण फक्त त्याच्या चालीनं चालायचं.

दुसऱ्या तपासणीला काही फरक दिसला नाही. डॉक्टरीणबाईंनी कागद तिच्याकडे वळवून रेघ दाखवली. रेघ होती तिथंच होती. "अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या, पण मागच्या वेळेपेक्षा कमी जोरात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहिली. उन्हाळा येईल, सासूबाई जातील, घरात नळाचा आवाजसुद्धा आपणच सोडला तर येईल, आणि ही शीळ. जन्मभर ही शीळ. सासूबाईंनी पांघरूण ओढलं. "चल." "आज नको." "कान नाही तर नाही, पाय तर आहेत ना धड? ऊठ." त्यांच्या पायांत ते बूट आधीच होते.

त्या दिवशी तळ्यावर पाहण्यासारखं खरोखर काही नव्हतं. सूर्य नाही, वाफा नाहीत, बगळाही नाही. राखाडी आभाळ आणि त्याच रंगाचं पाणी, आणि असा वारा की डोळ्यांतून पाणी यावं. काठावरच्या एका झाडाखाली दोघी आडोशाला उभ्या राहिल्या. "हे तर वाळलंच," सासूबाई वर बघून म्हणाल्या, वाऱ्यामुळे मुद्दाम उजवीकडे येऊन. "तोडायला झालं."  झाडाविषयी तिचंही तेच मत होतं. मग सासूबाईंनी एक हाताजवळची डहाळी वाकवली आणि भाजीवाल्याकडे दुधीला लावून बघतात तसं तिला अंगठ्याचं नख लावलं. करड्या सालीवर एक बारीक चंद्रकोर उमटली, आणि ती हिरवी होती. ओली, हिरवीगार. "अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "कोवळं आहे की आतून!" तिनं हातमोजा काढून डहाळीवर बोट फिरवलं. गार साल, आणि जिथं जिथं पान गळून पडलं होतं त्या प्रत्येक वणाच्या वर एक टणक, टोकदार, घट्ट मिटलेला कोंब. इथं, तिथं, वर, हाताला न पोचणाऱ्या फांद्यांवरही. ते आज आलेले नव्हते. पानं होती तेव्हापासूनच ते तिथं असणार, पानांमागं झाकलेले. पानं गेली म्हणून दिसले. एवढे दिवस ती ह्याच झाडाखालून गेली होती.

कान परत येईल असं काही त्या झाडानं तिला सांगितलं नाही. झाडाला तिच्या कानाशी काय देणंघेणं?  थंडी तीच होती, शीळ तीच होती. त्याच शिळेच्या शेजारी आता ही हिरवी चंद्रकोरही होती, आणि दोन्हींना जागा पुरत होती. तिला कुणाचे तरी आभार मानावेसे वाटले. कुणाचे, ते कळेना. झाडाचे, नखाचे, पांघरूण ओढणाऱ्या हाताचे. तिनं सासूबाईंचा तो हात घेतला, आपल्या हातमोज्यात घातला आणि दोघींचे हात एकाच हातमोज्यात कोंबायचा वेडा प्रयत्न केला. "फाटेल गं," सासूबाई म्हणाल्या, पण हात काढून घेतला नाही.

ऑफिसात तिनं साहेबांना खरं काय ते सांगितलं आणि भिंतीकडचं टेबल मागून घेतलं, जिथं डावीकडे भिंत आणि उजवीकडे माणसं. मैत्रीण म्हणाली, "आधी बोलली असतीस तर! मी आपली रुसून बसले." हळूहळू उजव्या कानालाही माणसं कळू लागली. नळाचं निमित्त काढून बोलणाऱ्यांना तर ती आता जरा जास्तच वेळ देई.

थंडी ओसरू लागली. पाण्यावर साय धरेनाशी झाली. अशाच एका सकाळी दोघी तळ्याकाठानं चालल्या होत्या. डाव्या बाजूला सासूबाईंची वाफ आता फिकट, दिसेल न दिसेल अशी. ती समोर पाहत चालली होती, आणि कुठून तरी जाड, दबका आवाज आला, लांबच्या गच्चीवर कुणी गाद्या झटकाव्यात तसा. तिनं मान वळवली. बदकांचा अख्खा थवा पाण्यावरून उठत होता, पंख पाण्याला आपटत, एकमागून एक. मग तिला जाणवलं, की सासूबाई थांबल्या आहेत.

"तू इकडे वळलीस," त्या म्हणाल्या. त्यांचे ओठ हललेले तिला दिसले, शब्द पोचले नाहीत.

ती पूर्ण वळून त्यांच्यासमोर उभी राहिली. "काय म्हणालात?"

"इकडे वळलीस. डावीकडे. आधी उजवीकडे नाही पाहिलंस." सासूबाईंचा चेहरा पांढरा झाला होता. "तुला ऐकू आलं?"

"पंखांचं आलं. जाड जाड."

"आणि माझं?"

 खोटं बोलून त्यांना सोडवावं की काय, असं तिला वाटलं, पण त्याची गरजच नव्हती. "नाही. तुमचं नाही आलं, आई. शब्द नाही येत अजून."

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता की निराशेचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या पाण्याकडे पाहत राहिल्या. "सगळा हिवाळा बोलतेय मी."

"माहीत आहे."

"माहीत आहे? मग विचारलं नाहीस ते?"

"तुम्ही मुद्दाम त्या बाजूनं बोलत होतात."

 मग ते मोठे बूट फरफटत त्या तिच्यासमोरून वळसा घालून उजव्या बाजूला आल्या, आणि त्यांनी तिचं कोपर धरलं. "मग नीट ऐक. पुन्हा पुन्हा सांगायला माझ्यानं होणार नाही. मला नाही जायचं तिकडे उन्हाळ्यात. लेक चांगली आहे, जावई देवमाणूस, खोलीसुद्धा उजेडाची आहे. पण तिकडे तो नाही. लेकीला तिचा भाऊ आठवतो, राखीपौर्णिमेला, सणावारी भेटणारा. रोजचा तो कसा होता, सकाळी दात घासताना केवढ्यानं खाकरायचा, दारं आपटायचा, हे तुला नि मला. तिकडे गेले तर बोलू कुणाशी? आणि इथं राहीन म्हणावं, तर तू कधी राहा म्हणाली नाहीस."

"तुम्हाला अडकवून ठेवल्यासारखं होईल म्हणून..."

"अगं अडकव की मग!" सासूबाई ओरडल्याच. "चार वर्षं वाट बघतेय कुणी अडकवतंय का!"

 "राहा," ती म्हणाली.

वारा होता, आणि सासूबाईंचे कानही काही तरुण नव्हते. "काय?"

"राहा, आई!" आपला आवाज केवढा होतो याचा अंदाज तिला हल्ली येत नसे. तो तळ्यावरून पलीकडच्या काठाला जाऊन आपटला. लव्हाळ्यांतली पाणकोंबडी बुडी मारून दिसेनाशी झाली आणि बाकावर बसलेले एक आजोबा मान वर करून बघू लागले.

"अगं हळू!" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "गावाला ऐकवायचंय का?"

"ऐकू दे," ती म्हणाली, आणि त्यांचा हात काखेत घट्ट दाबून पुढं चालू लागली.